सतरा नंबरची पिशवी

लोकांचा कचरा निवडण्याचं काम मी स्वतः मागून घेतलं होतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर ऐकणारे उगाच हळहळतात. वीस-बावीस वर्षं इंटर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला न कळणारं मिश्रण जगात उरलेलंच नाही. त्यात एक दिवस सफाई खात्याचा तरुण इंजिनियर स्टाफरूममध्ये आला आणि म्हणाला की आमच्या वॉर्डातल्या घरगुती कचऱ्याचं पृथक्करण करायचं आहे, आठवडाभर, रोज सकाळी, आणि त्यासाठी शांत डोक्याचा एक माणूस हवा आहे. स्टाफरूममधल्या सगळ्यांना एकाच वेळी खिडकीबाहेर काहीतरी दिसलं. मी हात वर केला. शांत डोकं माझं कधीच नव्हतं, पण कुतूहल भरपूर होतं.

घरी तेव्हा वेगळंच प्रकरण पेटलेलं होतं. ते विळीचं. आमच्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, तेव्हा एक्याऐंशीच्या होत्या. सकाळची पूजा आटोपली की स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकायचा, विळी मांडायची आणि दोन्ही वेळची भाजी चिरून ठेवायची, हे त्यांचं काम. बाकीची कामं एकेक करून त्यांच्या हातून गेली होती. पोळ्या माझ्याकडे आल्या, भांडी बाईकडे गेली, विजेचं बिल त्यांच्या मुलाच्या मोबाइलमध्ये गेलं. विळी तेवढी उरली होती आणि ती त्या सोडायला तयार नव्हत्या. आमच्या गल्लीत बाकी सगळे भाजी हातात धरून चाकूने कापतात. विळीवर बसतात ती फक्त दक्षिण्यांची घरं. दक्षिणी म्हणजे आम्ही. सात-आठ पिढ्या झाशीत काढल्या, हिंदीतून भांडलो, बुंदेलीतून भाजीवाल्याशी घासाघीस केली, तरी गल्लीच्या हिशेबात आम्ही कालच दक्षिणेकडून उतरलेलो आहोत.

तर दिवाळीनंतर आईंच्या अंगठ्याला विळी लागली. पंधरा दिवसांनी बोटाला लागली. मग ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, रेल्वेच्या ऑफिसात वापरतात तसा आवाज काढून जाहीर केलं, "आई, एक तर डोळे तपासून घे, नाहीतर विळी माळ्यावर."

"माझे डोळे ठणठणीत आहेत," आई म्हणाल्या. "विळीला धार जास्त झालीय."

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला त्यांचा ठाम नकार होता. शेवटी असं ठरलं की आणखी एकदा रक्त दिसलं की विळी माळ्यावर जाईल आणि मग त्यावर चर्चा नाही. खरं सांगायचं तर मी ह्यांच्याच बाजूची होते. रक्त पुसायला मीच असायची. शिवाय ओट्याशी उभं राहून चाकूने मी दहा मिनिटांत भाजी कापून मोकळी होते, आणि आईंची भाजी होईपर्यंत मला कढई हातात घेऊन ताटकळावं लागायचं. मी मनातल्या मनात त्या तिसऱ्या जखमेची वाट बघत होते की काय, असं आता वाटतं, आणि वाटलं की बरं वाटत नाही.

इकडे कचऱ्याची तयारी झाली. वॉर्डातली चाळीस घरं निवडली, दर तिसरं घर. प्रत्येक घराला एक नंबर आणि रोज एक कोरी पिशवी. सकाळी गाडी येईल तेव्हा आपला नंबर सांगून पिशवी गाडीत द्यायची, गाडीवाला तो पिशवीवर लिहील. कुठला नंबर कुठल्या घराचा, ती यादी इंजिनियरकडे बंद पाकिटात. आमचंही घर निवडीत आलं होतं, पण आमचा नंबर मी विचारला नाही, कारण शास्त्र म्हणजे शास्त्र. घरोघर पिशव्या वाटायला आणि नंबर सांगायला ऑफिसातली एक मुलगी गेली, तेव्हा मी मुद्दाम कॉलेजात बसून राहिले.

शेजारच्या भाभींचं घर निवडीत आलं नाही, आणि त्यांना ते फार लागलं. त्या दुसऱ्या दिवशी भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "भाभीजी, हमारे कचरे में ऐसी क्या कमी है?" मी त्यांना दर तिसऱ्या घराचं गणित समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण पटलेलं दिसलं नाही. आमच्याकडे ओळखीने काम झालं असा त्यांचा समज कायम राहिला.

पाण्याच्या टाकीमागे पत्र्याची एक शेड आम्हाला मिळाली. खाली निळी ताडपत्री, मध्ये काटा, भोवती बादल्या, आणि नाकाला कापूर लावलेला रुमाल. मदतीला एक दीदी होती. तिने कचऱ्याच्या गाडीवर पुष्कळ वर्षं काढलेली होती आणि मुद्दाम दुसऱ्या वॉर्डातून आणलेली होती, म्हणजे तिलाही पिशवीवरून घर ओळखता येऊ नये. मी पहिल्या सकाळी तिला ओला-सुका, विघटनशील-अविघटनशील असं बरंच समजावलं. ती शांतपणे पान लावत राहिली आणि मग म्हणाली, "मैडम, कूड़ा तो खुद बोलता है. आप चुप रहो तो सुनाई दे."

पहिल्या दिवशी तो फक्त खोटं बोलला. चाळीसही घरांनी परीक्षेला जावं तशी कचऱ्याची तयारी केली होती. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, घडी घालून आलेल्या. एका घराने केळ्यांच्या सालींचा घोस रबरबँड लावून पाठवला होता. एका पिशवीत चक्क उदबत्तीचा वास. दारूची एकही बाटली चाळीस घरांत नाही, आणि निवडीत नसलेल्या घरांच्या गाडीत त्या दिवशी इतक्या बाटल्या की गाडीवाला चढावर दोनदा थांबला. मी संध्याकाळी गल्लीत फिरून हात जोडले, की कचरा जसा आहे तसा द्या, कुणालाही नंबर मिळणार नाहीत. एका आजोबांनी विचारलं, "फेल तो नहीं होंगे न?"

दुसऱ्या दिवसापासून माणसं कंटाळली आणि खरा कचरा यायला लागला. मग मात्र मला ते काम आवडायला लागलं, हे कबूल करते. कोण चहा दोनदा उकळतो, कुणाकडे पाहुणे आलेत, कोण उपास जाहीर करून नमकीन खातो, सगळं ताडपत्रीवर. दीदी नुसत्या सालींवरून सांगायची, ही घाईत आहे, हिला ऑफिसला जायचंय, ही रागात होती. मीही शिकले. चाकूने सोललेली साल छोटी छोटी तुटलेली येते. सोलाण्याने काढलेली साल लांब आणि चपटी, फितीसारखी येते. आणि विळीवर काढलेली साल एका बाजूला सरळ आणि दुसऱ्या बाजूला वाकडी असते, कारण भाजी आपण पुढे रेटतो, पातं जागचं हलत नाही. ते मी दीदीला मोठ्या ऐटीत समजावलं. तिने दक्षिण्यांचं सगळंच उलटं असतं एवढाच निष्कर्ष काढला.

ह्या विद्येच्या जोरावर मी सतरा नंबरची पिशवी पकडली. विळीच्या साली, म्हणजे घर नक्की दक्षिण्यांचं. निवडीत आमची अशी आठ घरं होती. पण साली कसल्या! बटाट्याची साल एवढी जाड की त्यात एका माणसाची भाजी झाली असती. गाजराचं गाजरच सालीला लागून गेलेलं. सेमच्या, म्हणजे घेवड्याच्या, शेंगांचे देठ होते पण शिरा दिसत नव्हत्या, म्हणजे त्या भाजीत गेल्या असणार. आणि सगळ्यांत वर, सोललेला, धुतलेला, अख्खा एक बटाटा. दीदीने तो उचलून उजेडात धरला. "इसका क्या कसूर था?" ती म्हणाली.

मला हसू आवरेना. मी मनाशी घरही ठरवून टाकलं. गल्लीच्या टोकाच्या दक्षिणी घरात मार्गशीर्षात नवी सून आली होती, पुण्याची, लांब नखं असलेली. तीच ही.

रात्री जेवताना मी ताटावर हात थांबवून सगळं रंगवून सांगितलं. नाव घेतलं नाही, नंबर मात्र सांगितला. अख्ख्या बटाट्याची नक्कल केली. सेमच्या शिरा खाणाऱ्या नवऱ्याची कीव केली. ह्यांना ठसका लागला. स्वतःच्या ताटातल्या सेमच्या भाजीतून त्यांनी त्या क्षणी दातांत अडकलेली एक शीर ओढून काढली, पण आम्हाला दोघांनाही त्यावरून काही सुचलं नाही. सगळ्या गल्लीत तोच ठेलेवाला सेम विकत होता, तेव्हा सेम सगळ्यांकडेच होती. इतकं हुशार घर आमचं.

आईही हसल्या. भात कालवत म्हणाल्या, "आजकालच्या मुलींना विळीवर बसता कुठे येतंय? गुडघे दुखतात त्यांचे."

"विळी काढून घ्यायला हवी अशांची," मी म्हणाले.

"हो ना," आई म्हणाल्या आणि ताक मागितलं.

तिसऱ्या दिवशी सतरा नंबरने पुन्हा तसाच प्रताप केला आणि मी पुन्हा जेवताना तो वाढला. चौथ्या दिवशी मात्र पिशवी उघडली आणि मी चाट पडले. साली इतक्या पातळ की त्यांतून ताडपत्रीचा निळा रंग दिसावा. बटाट्याच्या, गाजराच्या, मुळ्याच्या, सगळ्या लांब, चपट्या फिती. विळी गेली, सोलाणं आलं. रात्री मी ही बातमी घरी दिली. "सतरा नंबर सुधारला बरं का. सासूने चांगले कान उपटलेले दिसतात."

"सुधारतात माणसं," आई म्हणाल्या. "वेळ द्यावा लागतो." त्या रात्री त्यांनी जरा जास्त भात घेतला.

पाचव्या दिवशी एकादशी होती. मी साबुदाणा भिजवून शेडवर आले. दीदीने सतरा नंबर ताडपत्रीवर उलटा केला आणि फ्लॉवरच्या देठांमधून पांढरं काहीतरी खळखळत बाहेर पडलं. अंड्यांची टरफलं. एक-दोन नाही, चांगली पाच-सहा अंडी असावीत. दीदी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मैडम, ये तो आप कह रही थीं पंडितों का घर है."

मला जो आनंद झाला तो लिहायला लाज वाटते. दक्षिणी घर, विळीचं घर, आणि एकादशीला अंडी! त्या पुण्याच्या सुनेने कमाल केली होती. ही बातमी पोटात ठेवणं मला किती जड गेलं, हे माझं मला ठाऊक. पण आमच्या घरात जेवताना तो शब्द उच्चारायची सोय नव्हती. आई चौकातल्या आमलेटच्या ठेल्यावरून जाताना पदर नाकाला लावायच्या आणि आमच्या लेकाच्या वाढदिवसाचा केक घरात यायच्या आधी तीनदा विचारायच्या, बिना अंडे का है ना. एकादशीला तर त्या पदार्थाचा विचारही त्यांच्या ताटाजवळ नको. सहाव्या दिवशी पुन्हा टरफलं आली. मी तोंड घट्ट मिटून घरी गेले. नुसत्या साबणाने धुतलेल्या डब्यांविषयी बोलत राहिले.

सातव्या दिवशी दुपारी शेवटची पिशवी तोलली. इंजिनियर पाकीट घेऊन आला आणि आकडे जुळवायला बसला. सतरा नंबरपाशी तो अडला. म्हणाला, पहिल्या तीन दिवसांत आणि नंतरच्या चार दिवसांत एवढा फरक कसा, जणू दोन वेगळी घरं आहेत. मी मोठ्या उत्साहाने सांगायला सुरुवात केली, की तिथे एक नवी सून आहे, आणि तो यादीवर बोट ठेवून म्हणाला, "मैडम, सत्रह नंबर तो आपके घर का पता है."

मी म्हणाले, शक्य नाही. त्याने यादी माझ्याकडे वळवली. घराचा नंबर आमचा, नाव ह्यांचं, पिनकोडसुद्धा आमचाच.

आधी मला वाटलं, गाडीवाल्याने पिशव्या अदलाबदल केल्या. मग सेमच्या शिरा आठवल्या. मग मागच्या आठवड्यात बटाट्याची रस्साभाजी एवढीशी का झाली होती, ते आठवलं. जाड साली आमच्याच होत्या. पण पातळ साली? आमच्या घरात सोलाणं नाही. आणि अंडी? माझ्या डोळ्यांपुढे ह्यांचा चेहरा आला, मग मुलाचा आला, आणि मुलगा तर कानपूरला हॉस्टेलवर होता. आमच्या शेजारी सोलाणं कुणाकडे आहे, हे आठवल्यावर मी पायात चप्पल घालून सरळ भाभींचं दार गाठलं.

भाभींनी दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि त्यांचाच चेहरा उतरला. "अम्माजी को मत बताना," त्या पहिल्यांदा म्हणाल्या, मी काही विचारायच्या आधीच. त्यांचा मुलगा जिमला जायला लागला होता. अंडी गच्चीवर वेगळ्या शेगडीवर उकडायचा. त्यांच्या नवऱ्यालाही पत्ता नव्हता. टरफलं एरवी त्या कागदात गुंडाळून टाकायच्या, पण त्या दोन दिवशी मुलाने तशीच बादलीत टाकली होती, आणि हे त्यांना त्याच्याकडून नंतर कळलं होतं. "हमने तो देखा ही नहीं. अम्माजी खुद बाल्टी से अपनी थैली में उलट लेती थीं, और अपने छिलके बाल्टी में."

"पण आई तुमचा कचरा कशाला नेत होत्या?" मी विचारलं. घाबरून मी त्यांच्याशी मराठीत बोलत होते, तरी त्यांना कळलं.

"कहती थीं, हमारे यहाँ छिलके अच्छे नहीं निकलते, बहू का काम है, उसकी नाक कट जाएगी. हमें तो खुशी हुई. हमारा कचरा भी कहीं गिना जाए."

मी भाभींच्या पायरीवर बसले. चौकातला ठेला वीस पावलांवरून ओळखणाऱ्या बाईने स्वतःच्या हाताने, भर उजेडात, दोन दिवस अंड्यांची टरफलं आपल्या पिशवीत ओतली होती. फ्लॉवर आणि टरफलं त्यांना सारखीच पांढरी दिसली होती. नाही, दिसलीच नव्हती. आणि त्यांनी हा सगळा खटाटोप का केला, तर मी रोज रात्री ताट पुढे ओढून त्यांच्याच तोंडावर त्यांची चेष्टा करत होते म्हणून. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

घरी आले तर आई दारात पाटावर बसून मटार सोलत होत्या. ते त्यांना छान जमत होतं, बोटांनी दिसतं ना सगळं. मी समोर फरशीवर बसले.

"आई, सतरा नंबर आपला आहे."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. हात थांबले नाहीत. "ती मुलगी पिशव्या देऊन गेली तेव्हाच म्हणाली होती. अम्माजी, आप सत्रह."

"मग मी एवढी हसत होते तेव्हा बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तू नक्कल चांगली करत होतीस. त्या बटाट्याची तर फारच. मलाही हसू आलं." त्यांनी एक शेंग मोडली. "मग वाटलं, ही पोरगी चार दिवसांत ओळखणार आणि विळी जाणार. म्हणून म्हटलं, चार दिवस भाभीच्या साली घालू, सर्वे संपेल."

मी फरशीवर घरंगळलेला एक मटार उचलून भांड्यात टाकला.

"तुम्ही दोघं सारखं म्हणता, आई, आराम करा, टीव्ही बघा," त्या पुढे म्हणाल्या, आता जरा चिडून. "विळी नेलीत तर दिवसभर काय करू मी? टीव्ही बघू? तो तर विळीहून कमी दिसतो!"

मला एकदम हसू फुटलं आणि हसता हसता मी रडायला लागले. आईंनी आधी मला हसू दिलं आणि मग मटाराचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. मी त्यांना सांगितलं की मी वाईट वागले, की मी त्यांच्या तिसऱ्या जखमेची वाट बघत होते, की विळी माळ्यावर जाणार नाही, ह्यांना काय बोलायचं ते मी बोलेन. आईंनी सगळं ऐकलं. मग त्या म्हणाल्या, डॉक्टरकडे येते, पण ऑपरेशन निघालं तर त्या काळात विळीला कुणी हात लावायचा नाही, आणि तुझा तो चाकू तू तुझ्यापुरता वापर. मी कबूल झाले. अंड्यांबद्दल मात्र एक अक्षर काढलं नाही. तेवढं त्यांच्यावर ओतायची माझी हिंमत नव्हती आणि गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी इंजिनियरच्या तक्त्यात सतरा नंबरचे शेवटचे चार दिवस मी लाल रेघेने बाद केले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, की पृथक्करण करणाऱ्या बाईने घरी जेवताना नमुन्याची टिंगल केली, त्यामुळे नमुना बिघडला. त्याने ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, मैडम, जरा टेक्निकल भाषा में लिख दीजिए. मी म्हणाले, याहून टेक्निकल मला येत नाही. त्याने मान हलवत सही केली.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, आणि हेही विचारलं की या बाई इतके दिवस चालत कशा होत्या. ह्यांनी त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून बराच वेळ चष्मा पुसला. एक डोळा फाल्गुनात झाला, दुसरा चैत्रात. आईंनी पाट सोडून खाटेवर काढलेले ते दिवस आम्हा सगळ्यांनाच जड गेले, कारण त्यांनी झोपल्या झोपल्या आम्हाला भाजी चिरायला शिकवलं. दृष्टी आल्यावर तर माझी सुटका नव्हती. छताला जाळी, डब्यांच्या झाकणांवर तेल, माझ्या साडीच्या काठाला हळद, सगळं त्यांना एका आठवड्यात दिसलं. विळीवर बसल्या की बटाट्याच्या साली उजेडात धरून मला दाखवायच्या, की बघ, याला म्हणतात साल. मी बघायची आणि खरंच कौतुक करायची. ह्यांनी माळ्यावर विळीसाठी केलेली जागा मुकाट्याने बॅगा ठेवून भरून टाकली.

वैशाखात एके सकाळी आई भाभींची वाटी परत द्यायला भिंतीपाशी गेल्या. भाभींची बादली तिथेच, भिंतीच्या पलीकडे, झाकण नसलेली. आई आल्या त्या सरळ पाटावर बसल्या. विळी मांडली, पण भाजी घेतली नाही.

"शेजारचा मुलगा बादलीत टरफलं टाकत होता. झालंय काय त्याला?" त्यांनी विचारलं.

माझा हात गॅसच्या बटणावर होता. मी तो तिथेच ठेवला. "जिमला जातो तो, आई."

त्यांनी विळीचं पातं फडक्याने पुसलं. मग म्हणाल्या, "तेव्हाही जात होता?"

"हो."

"म्हणजे मी माझ्या हाताने..."

"दोनच दिवस, आई."

त्यांनी दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "एकादशीला?"

"नाही," मी म्हणाले. "एकादशीच्या दिवशी नव्हतं काही."

आईंनी मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. नीट पाहिलं, दोन्ही डोळ्यांनी. त्यांना आता सगळं स्वच्छ दिसत होतं. "बरं," म्हणाल्या, आणि दुधीची टोपली पुढे ओढली.